सोनिवलीच्या मामाची अरबी

अंबरनाथ पूर्व,
६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जय भीम.

अक्षर ओळखलंस का? मी अस्मिता, तुझी भाची. अकरा वर्षांनी लिहितेय आणि तेही कामासाठी, म्हणून आधीच कान पकडते. लहानपणी तुला अरे-तुरे करायचे. आता अहो-जाहो जमणार नाही, तेच चालवून घे.

फोन केला असता, पण तुळशीमावशी म्हणाली तुला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. तुळशीमावशी म्हणजे तुझ्या बिल्डिंगमधली तळमजल्यावरची. ती आमच्या हॉस्पिटलात आया आहे. बोलता बोलता तिच्या तोंडून तुझं नाव निघालं, तेव्हा कळलं की तू सोनिवलीत फ्लॅट घेऊन एकटा राहतोस. मेसेज केला असता, तर आई माझा मोबाईल दिवसातून चार वेळा हातात घेते. तुझं नाव काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते, हे तुला नव्याने सांगायला नको. म्हणून हे पत्र तुळशीमावशीच्या पिशवीतून.

आता काम. मी उल्हासनगरला एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. चार वर्षं झाली. हल्ली आमच्याकडे अरब पेशंट यायला लागलेत. मुंबईपेक्षा इथे स्वस्त पडतं म्हणून एजंट आणतात. ओमान, इराक, येमेन, सुदान, कुठून कुठून. त्यांच्यासाठी वेगळा डेस्क काढलाय. आमचे मॅनेजर टेकचंदानी सर, त्यांनी विचारलं कोण शिकेल अरबी, आणि मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकतीस मार्चपर्यंत मुदत आहे. तोवर पेशंटशी बोलता आलं तर डेस्कवर पक्की नोकरी. नाहीतर परत वॉर्डात, आणि वॉर्डाचं माझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपतंय. पुढे काय, कोणी सांगत नाही.

शिकायला सुरुवात कशी केली ते ऐक. सरांचे वडील आहेत, पंच्याऐंशीचे. ते सिंधी जुन्या पद्धतीने लिहितात, उजवीकडून डावीकडे. सर म्हणाले, दादांकडे जा, अक्षरं तर सेम आहेत. तीन आठवडे रोज ड्युटी सुटली की उल्हासनगर कॅम्प चारला त्यांच्या घरी गेले. पापड खाल्ले आणि बावन्न अक्षरं घोटली. पाठ झाली. मग यूट्यूबवर अरबीचा पहिला धडा लावला, तर ती बाई म्हणते अरबीत अठ्ठावीसच अक्षरं असतात. वरची चोवीस सिंधीची. दादांना सांगितलं तर म्हणाले, ती पण चांगली आहेत, राहू दे.

बरं, यूट्यूबवरची बाई शिकवते ते पुस्तकातलं. ते मी एका ओमानी आजोबांना म्हणून दाखवलं. आजोबा सावरून बसले. त्यांचा मुलगा इंग्लिशमध्ये म्हणाला, वडिलांना वाटलं तुम्ही बातम्या देताय. घरी असं कोणी बोलत नाही म्हणे. मग घरी काय बोलतात ते कोणत्या पुस्तकात आहे, तर कुठल्याच नाही.

मामा, तू एकोणीस वर्षं सौदीत, दम्मामला फोरमन होतास. तुला विचारल्याशिवाय अरबांचं पान हलत नाही असं तू पत्रात लिहायचास. आजी ती पत्रं सगळ्या चाळीत वाचून घ्यायची. मला ती बोलायची अरबी शिकव. मराठी अक्षरांत लिहून पाठव.

तुझी,
अस्मिता


सोनिवली, बदलापूर
११ जानेवारी

चि. अस्मिता हिस जय भीम आणि आशीर्वाद.

तुळशीबाईंनी दारात पाकीट दिलं तेव्हा वाटलं सोसायटीची मेंटेनन्सची नोटीस असणार. चष्मा लावून उघडलं तर तुझं अक्षर. तीनदा वाचलं.

अगं येडे, अरबी काय अक्षरांनी शिकतात होय? पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्याला कामाला लावलंस, स्वतः पापड हाणलेस, आणि चोवीस अक्षरं फुकट घरी घेऊन आलीस. वाचून मी एकटाच हसत सुटलो. मला स्वतःला हसताना ऐकू येत नाही, पण खालच्या बाईने वर येऊन बघितलं काय झालं ते.

माझ्याकडे एक अक्षर नाही, पण भाषा आहे. मिस्री म्हणजे इजिप्तचे, शामी म्हणजे सीरियाकडचे, शिवाय सुदानी, येमेनी, सगळी मंडळी माझ्या साईटवर होती. आपल्याकडे आगरी वेगळं, मालवणी वेगळं, तसंच ते. पण काम सगळ्यांचं एक, म्हणून कामाची भाषाही एक. ती घे, कुठे अडणार नाही.

तआल म्हणजे ये. रूह म्हणजे जा. जीब म्हणजे आण. शील म्हणजे उचल. गूम म्हणजे ऊठ. शूफ म्हणजे बघ. बिसुरा म्हणजे लवकर. माफी म्हणजे नाही. खल्ली वल्ली म्हणजे सोड ते, मरू दे. सगळं ठीक असेल तर तमाम, आणि अगदी फर्स्ट क्लास असेल तर मिया मिया, शंभरात शंभर. एवढ्यावर मी एकोणीस वर्षं काढली. रोज वीस वेळा म्हण. चेहरा करडा ठेवायचा, गुळमुळीत बोललीस तर कोणी ऐकत नाही.

ताईचे गुडघे कसे आहेत? मी विचारलं असं सांगू नकोस. तुझं तुला दिसलं तसं लिही.

तुझा,
श्यामकांत मामा


अंबरनाथ पूर्व,
२८ जानेवारी

प्रिय मामा,
जय भीम.

आईचे गुडघे दुखतात. जिना उतरताना आडवी होऊन उतरते. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणते तूच नर्स आहेस, बघ.

तुझा धडा घोटला. एका येमेनी पेशंटच्या ड्रायव्हरला 'तआल, जीब, बिसुरा' म्हटलं तर तो पळत जाऊन फाईल घेऊन आला. मला इतका आनंद झाला की मी त्याला मिया मिया म्हणाले. तोही खूश झाला. मला वाटलं आता जमलं.

मग गोळीचं निघालं. 'ही गोळी आत्ता घ्यायची', एवढंच सांगायचं होतं. पुस्तकात आत्ताला अल-आन. ओमानी आजोबा म्हणतात अल्हीन. इराकी बाई म्हणतात हस्सा. येमेनी म्हणतात ज़ल्हीन. तीनशे चारमध्ये सीरियाचं जोडपं आहे, ते हल्ला म्हणतात. मी वहीत पाच रकाने पाडले. इराकी बाईंना चुकून अल्हीन म्हटलं, त्यांना कळलंही, पण त्या पुढे भराभर बोलायला लागल्या आणि त्यातलं मला काहीच कळलं नाही. मी नुसती तमाम तमाम करत राहिले. कशाला तमाम म्हटलं देव जाणे. आत्ता या एका शब्दात माझ्या नाकी नऊ आलेत, पुढे पोट, पाठ, चक्कर, मळमळ सगळं बाकी आहे. एका देशाचं लक्षात ठेवावं तर तो पेशंट डिस्चार्ज होतो आणि दुसऱ्याच देशाचा येतो.

मला आणखी काही वाक्यं हवीत. 'दुखतंय का?' 'घाबरू नका.' 'मी इथेच आहे.' 'झोप लागली का?' तिकडे ही कशी म्हणतात? तुझ्या लिस्टीत यातलं काहीच नाही.

तुझी,
अस्मिता


सोनिवली
४ फेब्रुवारी

चि. अस्मिता,
जय भीम.

पत्र मिळालं. तू फार बारीक बारीक विचारतेस. दुखतंय का, हे विचारायचं नसतं, तोंडावरून दिसतं. घाबरू नका असं तिकडे कोणी कोणाला म्हणत नाही. माफी मुश्किल म्हण, म्हणजे काही अडचण नाही. त्यात सगळं आलं. झोप लागली का, हे साईटवर कोण विचारणार, तूच सांग.

पाच रकाने पाडू नकोस, डोक्याचा भुगा होईल. तू माझंच बोल. वासरात लंगडी गाय शहाणी, तुझ्या त्या हॉस्पिटलात तुझ्याहून जास्त अरबी कोणाला येते?

ताईला शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन दे. मेडिकलवर मिळते. तू घेतलीस म्हण.

मामा


अंबरनाथ पूर्व,
१७ फेब्रुवारी

मामा,

जय भीम. पिशवी आणली, आई वापरते. बाकी काही ठीक नाही.

सुदानच्या एक आजी आल्यात, हज्जा बतूल. हजला जाऊन आलेल्या बाईला मानाने हज्जा म्हणतात. बहात्तर वर्षांच्या. हृदयाची झडप बदलायची आहे. आपल्या साडीसारखंच एक लांब कापड अंगभर गुंडाळतात. मला बघितलं की माझ्या गालाला हात लावायच्या. सोबत मुलगा इद्रीस, शाळामास्तर. लढाईत घर सोडून आलेली माणसं आहेत.

परवा त्यांना एक्स-रेला न्यायचं होतं. म्हटलं आता माझी अरबी दाखवू. व्हीलचेअर घेऊन गेले आणि तू शिकवलं तसं, चेहरा करडा ठेवून म्हटलं. गूम. तआल. बिसुरा. त्यांनी कापड तोंडावर ओढून घेतलं आणि भिंतीकडे वळल्या. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून मी आणखी मोठ्याने म्हटलं.

इद्रीस सरळ टेकचंदानी सरांकडे गेला. माझ्या आईशी ही बाई गुरासारखं बोलते, म्हणाला. सरांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. इराकी बाईंसोबत हैदराबादचा एक दुभाष्या असतो, त्याने समजावलं, "बहन, ये साइट की ज़बान है. सुपरवाइज़र लोग लेबर से ऐसे बोलते हैं. माँ-बाप से कोई ऐसे बोलता है क्या?" आता हज्जांच्या खोलीत मला जायची बंदी आहे. आणखी एक तक्रार आली की मार्चची वाट बघायची नाही, डेस्क गेला.

मामा, मी चिडलेय आणि मला काही कळतही नाहीये. तू मला नीट शिकव, असं मी म्हटलं होतं. एकोणीस वर्षांत एकदाही तुला 'घाबरू नका' म्हणावं लागलं नाही? तू हाताखालच्या माणसांशी असाच बोलायचास का? आपल्या घरात तर तू कोणाला अरे म्हणून हाक मारायचा नाहीस. ती सगळी अरब मंडळी तुला एवढा मान द्यायची, मग ती तुझ्याशी बोलायची तरी काय? मला खरं सांग, नाहीतर उगाच पत्रं लिहून मला आणखी खड्ड्यात घालू नकोस.

अस्मिता


सोनिवली
२४ फेब्रुवारी

चि. अस्मिता,

खरं विचारलंस. सहा दिवस लिहून फाडतोय. आज लिहितो ते तसंच पाठवतो.

मी फोरमन नव्हतो. मी कंप्रेसर रूममध्ये हेल्पर होतो. एकोणीस वर्षं हेल्परच. कान त्या खोलीतच गेले. तुला दिलेले शब्द मी कोणाला म्हटलेले नाहीत, ते मला म्हटलेले आहेत. दिवसभर तेच ऐकायचो. खोलीत परत आलं की केरळी आणि बिहारी पोरं, तिथे हिंदी. अरबीत माझ्याशी गप्पा मारायला कोण येणार? मला वाटायचं आपल्याला अरबी येते. सांगितलेलं काम बरोबर करायचो ना. तू 'घाबरू नका' विचारलंस तेव्हा मी खूप आठवलं. ते मला कोणी म्हटलेलंच नाही, तर आठवणार कुठून? हे कबूल करायची लाज वाटली आणि मी तुलाच वर शहाणपण शिकवलं. त्या सुदानी बाईंची मी माफी मागतो. तुझीही.

आता आईचं. आई म्हणजे तुझी जनाबाई आजी. ती आजारी पडली, ताईचा फोन आला, ताबडतोब निघ. पासपोर्ट कंपनीने आपल्या ऑफिसात ठेवून घेतलेला. मी गेलो. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, मामा, मरीज, हिंद. तिकडे आईला मामा म्हणतात. हातवारे केले. त्याला कळलं. तो म्हणाला, बुकरा. बुकरा म्हणजे उद्या. मी ताईला फोनवर सांगितलं, उद्या निघतो. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बॅग घेऊन खिडकीशी उभा राहिलो. बुकरा. तिसऱ्या दिवशी बुकरा. मी रोज बॅग घेऊन जायचो, रोज ताईला तेच सांगायचो. पाचव्या दिवसापासून तिचा फोन उचलायची हिंमत झाली नाही. एक येमेनी वेल्डर होता, तो नंतर म्हणाला, अरे असं उभं राहून चालत नाही, ओरडायचं, टेबलावर हात आपटायचा, मोठ्या साहेबाचं नाव घ्यायचं. पण भांडायला भाषा लागते. माझ्याकडे फक्त ऐकायची होती.

नवव्या दिवशी आई गेल्याचा मेसेज आला. पासपोर्ट अकराव्या दिवशी मिळाला.

घरी पोहोचलो तोवर जलदान विधी उरकला होता. ताई दारात म्हणाली, "आता कशाला आलास? फोरमनला सुट्टी मिळत नाही होय?" तिथे मी तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं पत्रांतून जे रचलं होतं ते सगळं. म्हणून मी म्हटलं, काम होतं. हे दोनच शब्द. ताईने ते खरे मानले.

एक गोष्ट मात्र तिथे झाली, ती तुला सांगतो. आई गेल्याची बातमी आमच्या कामगारांच्या कॅम्पात पसरली. संध्याकाळी माणसं माझ्या खोलीत यायला लागली, ज्यांच्याशी कधी बोललो नव्हतो ती. पहिला आला बशीर, सुदानी, साईटवर परांची बांधायचा. येऊन समोर उभा राहिला आणि दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे धरले. ओठ हलत होते. मला काही कळेना. वाटलं काहीतरी मागतोय. जवळ खजूर होते, ते मी त्याच्या ओंजळीत ठेवले. तो रागावला नाही. त्यातला एक खाल्ला, बाकीचे खाली ठेवले आणि परत हात धरले. मग शेजारचा केरळी म्हणाला, ते मागत नाहीत, तुझ्या आईसाठी प्रार्थना करताहेत, त्यांच्याकडे असंच करतात, तू पण हात धर. मी धरले. मला त्यांचं काही येत नव्हतं, मनात त्रिसरण म्हटलं.

मग मिस्री आला, तो म्हणाला, अल बईया फि हयातक. तिचं राहिलेलं आयुष्य तुला लागो. शामी म्हणाला, यिस्लम रासक, तुझं डोकं सलामत राहो. गेटवरचा सौदी म्हातारा, एरवी नुसता बिसुरा म्हणायचा, तोही आला. अज़्ज़म अल्लाह अज्रक, म्हणाला, अल्लाह तुला याचं मोठं पुण्य देवो. ज्याचं त्याचं वेगळं. मी प्रत्येकाचं नंतर केरळ्याला विचारून मराठीत लिहून ठेवलं. एकोणीस वर्षांत अरबीत माझ्याशी कोणी माणसासारखं बोललं असेल तर त्या एका संध्याकाळी. माझ्याकडे एवढीच अरबी आहे. तुझ्या परीक्षेला ती उपयोगाची नाही. बाकीचं मी दिलेलं सगळं विसर.

श्यामकांत


अंबरनाथ पूर्व,
९ मार्च

प्रिय मामा,
जय भीम.

आधी वाईट सांगते. तुळशीमावशीची त्या दिवशी सुट्टी होती. पत्र लवकर पोहोचावं म्हणून बिचारी बाजाराला आली तशी घरी देऊन गेली. मी ड्युटीवर. आईने घेतलं. वर फक्त अस्मिता लिहिलं होतं, पण ती तुझं अक्षर विसरेल का? मी आले तेव्हा पाकीट फाडलेलं होतं आणि आई गॅसपाशी उभी होती. गॅस बंदच होता. पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तुझं आहे, वाच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला कळत नाही ती तुझ्यावर रागावलीय, माझ्यावर, की आणखी कोणावर.

आता दुसरं. हज्जा बतूल गेल्या. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी गेल्या. वय होतं, साखर होती. माझ्याशी त्यांचं परत बोलणं झालंच नाही. बंदी उठली असती तरी मी काय बोलणार होते? माझ्याकडे शब्द नव्हते.

आयसीयूच्या बाहेर इद्रीस एकटा उभा होता. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरचे सुदानी आले, हॉटेलातून आणखी दोघं आले. प्रत्येक जण त्याच्यासमोर जाऊन दोन्ही हात पुढे धरायचा. टेकचंदानी सर घाबरले. मला ढकलून म्हणाले, "जा, पूछ, इनको क्या चाहिए." मामा, तुझं पत्र वाचलेलं नसतं तर मीही तेच विचारलं असतं.

मी गेले आणि इद्रीससमोर हात धरले. ज्याने माझी तक्रार केली होती त्याच्यासमोर. मीही त्रिसरणच म्हटलं, मनात. त्यानेही हात धरले. मग मी म्हटलं, अल बईया फि हयातक. ते मिस्रचं आहे, सुदानचं नाही, मला माहीत होतं, पण दुसरं कोणतं म्हणू? त्याला कळलं. तो रडायला लागला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला, आईबद्दलच असणार. एक शब्द कळला नाही. या वेळी मी तमाम म्हटलं नाही. नुसती उभी राहिले.

तुझी,
अस्मिता


सोनिवली
२१ मार्च

चि. अस्मिता,

तू हात धरलेस ते वाचून बशीर आठवला. बरं केलंस.

ताई काही बोलली का? शिव्या दिल्या तरी लिही, जशाच्या तशा. दोन आठवडे मी तुळशीबाईंच्या दाराकडे बघतोय. त्यांना वाटायला लागलंय मी काहीतरी भलतंच बघतोय.

मामा


अंबरनाथ पूर्व,
२ एप्रिल

प्रिय मामा,
जय भीम.

एकतीस तारीख झाली. सरांनी परीक्षा घेतली. हैदराबादच्या दुभाष्याला समोर बसवून मला बोलायला लावलं. पोट आणि पाठ यांची अदलाबदल केली, आत्ताला तीन देशांचे तीन शब्द एकाच वाक्यात घातले. दुभाष्या मान खाली घालून हसत होता. सर म्हणाले, "तेरी अरबी तो एकदम कच्ची है. लेकिन ये सुदानी लोग, येमेनी लोग, सब तेरे को ही पूछते हैं. क्यों?" मी म्हटलं माहीत नाही सर. शेवटी त्यांनी मला सहा महिने डेस्कवर ठेवलंय. पक्की नाही, पण गेलेही नाही. इद्रीसने जाताना सरांना काहीतरी चिठ्ठी दिली म्हणतात. अरबीत आहे, सरांनी दादांकडे वाचायला दिली. दादांनी सगळी घडाघडा वाचली, अर्थ कोणालाच लागला नाही. दुभाष्या सुट्टीवर आहे.

आई अजून बोलत नाही. पण परवा माझ्या बॅगेतून तुझं पत्र काढून वाचत बसली होती. मी आत आले तर ठेवून दिलं. काल विचारलं, "सोनिवलीला रिक्षा कुठून मिळते?" मी सांगितलं. कशाला, ते विचारायची हिंमत झाली नाही.

तुझी,
अस्मिता


अंबरनाथ
६ एप्रिल

श्याम,

मी भावना. आधी जय भीम लिहायला पाहिजे, पण माझा राग अजून गेलेला नाही, तो आधी लिहिते.

फोरमन होतास की हेल्पर, आईला काय फरक पडणार होता? ती तुझी पत्रं चाळभर वाचून घ्यायची ती तुझ्या हुद्द्यासाठी नव्हे रे. लेकाचं पत्र आलं, एवढंच तिला सगळ्यांना सांगायचं असायचं. तू त्यात रोज भात-डाळ खाल्ली असं लिहिलं असतंस तरी तिने ते पाच घरी वाचून घेतलं असतं. आणि तू मला दारात काम होतं म्हणालास. मला खरं सांगितलं असतंस तर मी काय तुला हसले असते? मोठी बहीण आहे मी तुझी. तू तिकडे शिव्या खात होतास आणि मी इथे अकरा वर्षं तुला शिव्या देत होते.

आता माझं सांगते. हे मी अस्मितालाही सांगितलेलं नाही. हॉस्पिटलात आई रोज सकाळी विचारायची, श्याम कधी येतोय? मी म्हणायचे, उद्या. तू फोनवर तेच म्हणाला होतास, म्हणून. मग तू फोन उचलेनास, तरी मी उद्याच म्हणत राहिले. शेवटच्या दिवशी तिने विचारलं नाही, तरी मी आपण होऊन म्हटलं, उद्या येतोय गं. तिने मान हलवली. मला तेव्हापासून असं वाटत होतं की मरणाऱ्या आईशी मला खोटं बोलायला लावलं ते तू. म्हणून तुझं नाव ऐकवत नव्हतं. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं, मी तिला खोटं सांगत नव्हते. तू खरंच रोज बॅग घेऊन उभा होतास. हे तिला सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. आता तुला सांगते.

तिकडे परकी माणसं तुझ्या खोलीत आली आणि मी दारातून तुला परत पाठवलं. आई आपल्या दोघांची गेली, पण माझ्याकडे सगळी चाळ येऊन बसली होती आणि इथे तुझ्याजवळ कोणी बसलं नाही. मी तर नाहीच.

हे पत्र तुळशीबाईंकडे देत नाही, मीच घेऊन येतेय. तुला ऐकू येत नाही आणि मला एवढं सगळं तोंडाने बोलता यायचं नाही, म्हणून लिहून आणलंय. मी तुझ्यासमोर खुर्चीवर बसले आहे. तू सावकाश वाच, मला घाई नाही. वाचून झालं की मान वर कर.

ताई